विद्यालयासाठी संगीत नाटकाची निवड

वर्षावास सुरू झाला की आमच्या शिक्षक-दालनात एक प्रश्न हमखास येतो : यंदाच्या स्नेहसंमेलनात कोणते संगीत नाटक करावयाचे? स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या निवडीमागील विचार लिहून काढावयास सांगितले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की इतकी वर्षे आम्ही हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारीत होतो. कोणते नाटक थोर, कोणाची पदे अवीट, यावर आमचा वाद रंगत असे. त्या नाटकाला उभे करणारी मुले कोण आहेत, हा विषय मात्र पात्रवाटपाच्या दिवशीच पुढे येई, आणि तोवर उशीर झालेला असे.

प्रथम आवाजाचा विचार करू. माध्यमिक विद्यालयातील संगीत नाटकाची खरी अडचण नेपथ्य वा वेशभूषा ही नसून मुलांचा कंठ ही आहे. साधारणतः बारा ते पंधरा या वयात मुलग्यांच्या स्वरतंतूंची लांबी व जाडी वाढते आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, परंतु तो दोन-तीन स्वरांपुरता, आणि श्रोत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मुलग्याचा बदल मात्र सर्वांसमक्ष होतो. काही महिने त्याच्या हाती जेमतेम पाच-सहा स्वर भरवशाचे उरतात. त्यांच्या वर गेले की आवाज फाटतो. आम्ही एके वर्षी ‘मानापमान’मधील निवडक प्रवेश घेतले होते. नायकाच्या भूमिकेसाठी श्रावणात निवडलेला आठवीतील विद्यार्थी गोड गात असे. मार्गशीर्षात त्याच्या गळ्यातून तो आवाज निघून गेला होता. आम्ही त्याला बदलले नाही, पट्टीही बदलली नाही. केवळ “प्रयत्न कर” असे म्हणत राहिलो. प्रयोगाच्या रात्री तो दुसऱ्या पदाच्या मध्यावर थांबला व विंगेत निघून गेला. त्यानंतर शाळा सोडीपर्यंत तो गायला नाही. दोष त्याचा नव्हता, नाटकाचाही नव्हता; निवड करणाऱ्या आमचा होता.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी पाळू लागलो. नाटक ठरविण्यापूर्वी पेटीवर प्रत्येक मुलाचा आवाज पाहावयाचा आणि तो कोठून कोठवर सहज जातो याची नोंद करावयाची. हीच तपासणी दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा करावयाची. ज्या मुलग्याचा आवाज फुटत आहे त्याला गद्य भूमिका द्यावयाची, किंवा पद खालच्या पट्टीत आणून त्याला समूहाची साथ द्यावयाची. मूळ गायकाने काळी चारमध्ये गायिलेले पद काळी एकमध्ये म्हटल्याने नाटककाराचा अवमान होत नाही.

पदांच्या जातीचाही विचार हवा. मराठी संगीत रंगभूमीचे आरंभीचे व नंतरचे संगीत एका मापाने मोजता येत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे होती, तथापि त्यांतील पुष्कळशी साकी, दिंडी अशा परिचित चालींची, कथा पुढे नेणारी आणि आटोपशीर होती. त्यांचे 1882 मधील ‘सौभद्र’ही याच वळणाचे. पुढे 1911 मध्ये ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांच्या व 1916 मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली लाभल्या आणि नाट्यपद रागदारीच्या मैफलीजवळ गेले. ते वैभव निर्विवाद आहे. पण वर्षानुवर्षांच्या तालमीवाचून ते मुलांच्या गळ्यात बसत नाही, आणि बसविण्याचा हट्ट केला की ध्वनिमुद्रिकेची केविलवाणी नक्कल तेवढी हाती येते. दिंडी वा साकी ही वसतिगृहातील कोणतेही मूल आठवड्याभरात उचलते.

तयार गाणारे कोणीच नसेल तर जलशाकडे वळावे. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा परिचित साचा घेऊन त्यात नवा आशय भरला. ढोलकी, तुणतुणे, झांज एवढ्यावर तो उभा राहतो, झीलकऱ्यांत वीस मुले सहज सामावतात आणि विनोदाला भरपूर वाव असतो. निवासी विद्यालयात शे-दीडशे मुले एका छपराखाली राहतात. नाटकात दहाच पात्रे असतील तर उरलेली मुले दोन महिने रोज संध्याकाळी तालमीच्या खोलीबाहेर उभी राहतात, हे आम्ही पाहिले आहे.

परवानगीविषयी थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. किर्लोस्कर (निधन 1885), देवल (निधन 1916) व रवींद्रनाथ ठाकूर (निधन 1941) यांच्या मूळ संहिता आता सर्वांसाठी खुल्या आहेत. भाषांतराचा हक्क मात्र भाषांतरकाराचा असतो, हे विसरू नये. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम 52 अन्वये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. पण प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढेच असावे लागतात. गावाला निमंत्रण देऊन तिकिटे लावली की ती सवलत राहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गेल्या दोन वर्षांत आमच्यापुढे दोनच नाटकांचा गंभीर विचार झाला, आणि दोन्हींत अडचण संगीताची नव्हती.

पहिले गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’. धनलोभी कांचनभट आपली अल्पवयीन कन्या वृद्ध भुजंगनाथाला देऊ करतो, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित व्यवहार जुळवितो आणि कोदंड हे लग्न मोडतो. नाटक 1899 मधील आहे. 1929 च्या बालविवाहविरोधी कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणू लागले, त्यामुळे पुष्कळांना ते नाव या नाटकावरून आले असे वाटते; वस्तुतः तो हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला. आमच्यातील एका सहकाऱ्यांचा आक्षेप होता की हा विषय आता जुना झाला. त्यावर वसतिगृहाच्या अधीक्षिकाताईंनी शांतपणे सांगितले की मागील तीन वर्षांत आपल्या चार मुली दिवाळीच्या सुट्टीनंतर परतल्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे, हा प्रश्न लग्नाने सोडविला जातो. आमच्या नववीतील मुलीला शारदेचे वय कल्पनेने समजून घ्यावे लागत नाही.

म्हणून ‘शारदा’ घेतले. पण दोन बाबतींत सावध राहिलो. शारदा जीव द्यावयास निघते तो प्रसंग आम्ही रंगमंचावर दाखविला नाही, मैत्रिणींच्या समूहाकडून तो कथन करविला. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांसमोर त्या प्रसंगाचे सौंदर्य खुलविणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. दुसरी बाब आम्हांला उशिरा कळली. भुजंगनाथ झालेल्या मुलाला वसतिगृहात पुढे वर्षभर सर्वजण “म्हातारबा” म्हणत राहिले. प्रेक्षक घरी जातात. मुले त्याच जेवणाच्या पंगतीत एकमेकांसमोर बसतात.

दुसऱ्या नाटकाच्या वेळी हाच अनुभव आमच्या मनात होता. रवींद्रनाथांनी ‘चंडालिका’ 1933 मध्ये नाटक म्हणून लिहिले आणि 1938 मध्ये त्याला नृत्यनाट्याचे रूप दिले. कथाबीज शार्दूलकर्णावदानातील, राजेंद्रलाल मित्रांच्या नेपाळमधील संस्कृत बौद्ध साहित्यावरील ग्रंथातून ते त्यांना मिळाले. तृषार्त भिक्खू आनंद प्रकृती नावाच्या चांडाळकन्येकडे पाणी मागतात. ती आपली जात सांगते. ते तिच्या हातचे पाणी पितात. आमच्या विद्यालयात हे नाटक व्हावे, यावर कोणाचे दुमत नव्हते. पण नृत्यनाट्याच्या आरंभी फुले विकणाऱ्या मुली, दहीविक्या, बांगड्या विकणारा हे सारे प्रकृतीला झिडकारतात. तो प्रवेश वाचताना दालनात शांतता पसरली. हे शब्द आपल्या कोणत्या मुलाने, आपल्या कोणत्या मुलीला उद्देशून म्हणावयाचे? आमच्या मुलांपैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी ते पाणवठ्यावर ऐकलेले आहेत. ज्या मुलीला प्रकृतीची भूमिका मिळेल तिला दुसऱ्या दिवशी नळावर ते चेष्टेत ऐकावे लागले, तर आम्ही काय साधले?

काहींचे म्हणणे होते की प्रवेशच गाळावा. आम्हांला ते पटले नाही. तो नकार दिसल्यावाचून पुढच्या पाण्याच्या ओंजळीला अर्थ उरत नाही. उत्तरार्धाविषयीही चर्चा झाली : प्रकृतीची आई मंत्रबळाने आनंदांना ओढून आणते आणि मंत्र मागे घेताना प्राण गमावते. आठवी-नववीच्या मुलांना हा भाग पेलेल का, याविषयी आमच्यात आजही एकमत नाही. आमच्यातील ज्येष्ठांच्या मते प्रयोग पाण्याच्या प्रसंगावर थांबवावा. इतरांना वाटते की आपल्या ओढीपायी आनंदांचे तेज मावळलेले पाहून जी आईला मंत्र मागे घ्यावयास लावते, तीच प्रकृती खरी मोठी. तिला अर्ध्यावर सोडून देऊ नये.

तूर्त ठरले ते असे. झिडकारण्याचे शब्द कोणा एका पात्राच्या तोंडी न देता समूहगानात ठेवावयाचे. प्रकृतीची भूमिका तीन मुलींनी तीन प्रवेशांत करावयाची, आणि ज्या प्रवेशात जी प्रकृती नसेल ती त्या समूहात उभी राहावयाची. आनंदांची पदे दोन-तीन मुलग्यांनी मिळून, ज्याचा जो स्वर त्या दिवशी लागेल त्या पट्टीत म्हणावयाची. आमचे मराठी रूपांतर अद्याप पुरे झालेले नाही. पहिले दोन प्रवेश तयार आहेत. येत्या रविवारी सायंकाळच्या वंदनेनंतर ते सर्व मुलांसमोर वाचावयाचे आहेत, आणि नाटक करावयाचे की नाही हे पात्रवाटपापूर्वी त्यांनाच विचारावयाचे आहे.