पानाला निरोप कोण देतं?

मुलांनो, रब्बीची ज्वारी बहुतेक जमिनीतल्या ओलीवरच येते, हे तुम्ही घरी ऐकलंच असेल. ओल तर दिवसेंदिवस कमी होत जाते. मग ताटं उभी कशी राहतात?

पानाला बारीक बारीक भोकं असतात. नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाहीत. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या १०० भाग पाण्यापैकी ९५ हून जास्त भाग असे उडून जातात! प्रत्येक भोकाला दाराच्या फळ्यांसारख्या दोन पेशी असतात. पाण्याने टम्म फुगल्या की दार उघडतं, सैल पडल्या की मिटतं.

आता गंमत पहा. जमीन सुकते मुळांशी, आणि दारं आहेत वर पानात. झाडाला ना तोंड, ना कान. मग निरोप जायचा कसा?

तो जातो एका द्रव्याच्या रूपाने. त्याचं नाव अ‍ॅब्सिसिक आम्ल. (पाटीवर दोनदा लिहा, म्हणजे पाठ होईल.) १९६३ साली अमेरिकेत अ‍ॅडिकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांना ते कापसाच्या कोवळ्या बोंडांत सापडलं. बोंडं यानेच गळतात असं वाटलं, म्हणून नावही गळण्यावरून पडलं. त्याचं मोठं काम मात्र निराळंच निघालं. १९६९ साली इंग्लंडात राइट व हायरॉन यांनी गव्हाची पानं तोडून कोमेजू दिली. काही तासांतच त्यांत हे द्रव्य कितीतरी पटींनी वाढलं.

हे द्रव्य दाराच्या पेशींपाशी पोचलं की त्यांतला पालाश बाहेर पडतो. आपण खतातून देतो तोच पालाश, बरं का! त्याच्यामागून पाणीही जातं. पेशी सैल पडतात, दार बंद.

२०१८ साली जपानी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात आणखी एक गोष्ट दाखवली. कोरड पडली की मुळं एक चिमुकलं प्रथिन वर धाडतात, आणि त्यामुळे पानं हे आम्ल तयार करू लागतात.

पण दार मिटलं की कार्बन डायऑक्साइडही अडतो. मग अन्न कसलं तयार होणार? पाणी वाचतं आणि झाड उपाशी राहतं. पोटरीत आलेल्या ज्वारीला असे बरेच दिवस काढावे लागले, तर ताट जगतं पण कणसात दाणा भरत नाही. म्हणून त्या वेळी एक पाणी मिळालं तरी फार मोलाचं असतं.

तुम्हीही हे पाहू शकता. सारख्या वाढीची दोन रोपं कुंडीत घ्या. तुळस नको, आजी रागावेल! एकाला तीन-चार दिवस पाणी देऊ नका. मग सकाळी दोघांच्या एकेका फांदीला पारदर्शक पिशवी बांधा. दुपारी कोणत्या पिशवीत थेंब जास्त जमले, ते वहीत लिहा. आणि तहानलेल्या कुंडीला लगेच पाणी घाला.