दोन पातळ हातांचे शास्त्र

वैशाख आला की खानदेशातली काळी जमीन भेगाळते. रावेर-यावलच्या तापीकाठापासून धुळ्याच्या पांझराकाठापर्यंत हेच चित्र. हेच दिवस लग्नसराईचेही असतात. घरात कार्य ठरले की आधी रंगकाम निघते. ‘एकदाचे उरकून टाका’ म्हणून रंगाचा एकच जाड हात दिला जातो, आणि पाहुणे येण्याआधीच भिंतीवर बारीक तडे उमटतात. बोल मात्र रंगाऱ्याला लागतो. कधी त्याची मजुरीही अडते. असे का होते?

शेतातली भेग आणि भिंतीवरचा हा तडा या सख्ख्या बहिणीच. इमल्शन रंगात पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो कण ओळीने मावावेत. पाणी उडू लागले की ते एकमेकांना टेकतात आणि पाणी फक्त मधल्या फटींत उरते. तिथे पाण्याच्या पृष्ठभागाला बाक येतो आणि ते कणांना जवळ ओढते. ओल्या वाळूचा किल्ला याच ओढीने उभा राहतो. कण जितका बारीक तितकी ओढ जबर. १०० नॅनोमीटरच्या कणांत ती हवेच्या दाबाच्या दहा पटींहूनही अधिक होऊ शकते.

थराला आता आकसायचे असते. पण भिंतीला चिकटल्यामुळे आडवे आकसता येत नाही. ताण साठतो आणि थर फाटतो. कण मऊ असतील तर ते दबून एकजीव होतात आणि थर वाचतो. थंडीत मात्र ते कडक राहतात. धुळ्याला पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा भल्या पहाटे रंग लावू नये तो यासाठीच.

मग जाडीचा संबंध काय? तडा फुकट पडत नाही. नवे पृष्ठभाग उघडायला ऊर्जा लागते, हे ग्रिफिथ यांनी काचेच्या अभ्यासातून १९२१ मध्ये मांडले. ही ऊर्जा साठलेल्या ताणातून येते. पातळ थरात ती पुरेशी नसते, जाड थरात असते. मुंबईच्या आयआयटीतील महेश तिरुमकुडुलू यांनी विल्यम रसेल यांच्यासह २००५ मध्ये आणि करण सिंह यांच्यासह २००७ मध्ये या प्रश्नावर शोधनिबंध लिहिले. तडा न जाता थर किती जाड राहू शकतो, हे कणांचा आकार, कडकपणा आणि रचना यांवर ठरते, असे त्यांतून दिसले.

आपल्या आया-आज्यांनी हे सूत्र हाताने जपले. सारवण पातळ हाताचे. जाड गिलाव्यात मात्र भुसा, म्हणजे ताण काड्यांनी पेलावा. काळ्या रानाला पातळ हात देता येत नाही. तिथली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. म्हणून शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतो आणि ओल राखतो.

एक सावधगिरी हवी. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा रुंद तडा रंगाचा नसतो. बहुधा पायाखालची काळी माती हललेली असते. तो रंगाने झाकू नये, जाणकाराला दाखवावा.

बाकी उपाय सोपा आहे. दोन पातळ हात, आणि पहिला पुरता वाळल्यावरच दुसरा. रंगाऱ्याने त्यासाठी आणखी एक दिवस मागितला, तर तो कामचुकारपणा समजू नये. त्या दिवसाची मजुरी त्याला आनंदाने द्यावी.