परायत्त सौंदर्य आणि अशोक पत्कींच्या चाली

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण कांटच्या सौंदर्यविचारापाशी थांबलो होतो. कांट सौंदर्याचे दोन प्रकार सांगतो. एखाद्या हेतूला बांधलेलं नाही ते स्वायत्त. बांधलेलं आहे ते परायत्त. शब्दांविना वाजणारं संगीत तो पहिल्या प्रकारात घालतो. मग नाटकाचं, मालिकेचं, जाहिरातीचं संगीत ओघानेच दुसऱ्यात जातं. आणि दुसऱ्यात म्हणजे दुय्यम, असं आपण धरून चालतो. हे बरोबर आहे का? अशोक पत्की यांच्या कामावरून पाहू.

पत्कींचा जन्म १९४१ चा. पेटीची साथ, इतरांच्या चालींचं संयोजन असं करत ते संगीतकार झाले. जाहिरात, रंगभूमी, मालिका, चित्रपट अशा सगळ्या ठिकाणी त्यांनी चाली दिल्या. प्रत्येक ठिकाणची मागणी वेगळी.

जाहिरातीत हातात सेकंदं असतात. अंतऱ्याला जागाच नाही. मुखड्यातच सगळं सांगून संपवायचं.

नाटकाचं तसं नाही. 'मोरूची मावशी' घ्या. नाटक आचार्य अत्रे यांचं, संगीत पत्कींचं. विजय चव्हाण बाईच्या वेषात नाचतायत आणि गातायतही. अशा वेळी चाल नटाच्या दमात बसली पाहिजे, आणि प्रेक्षकांच्या हशाला तिने जागाही सोडली पाहिजे. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात बसणाऱ्याला हे हिशेब कळत नाहीत. तो नुसता हसतो. कळले नाहीत, यातच त्यांचं यश.

आता मालिका. १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली. शीर्षकगीत मंगेश कुलकर्णी यांचं, आवाज देवकी पंडित यांचा, चाल पत्कींची. शीर्षकगीत रोज ऐकायचं असतं, तरी शिळं होता कामा नये. शिवाय ते न पाहणाऱ्यासाठीही असतं. डोंबिवलीला लोकलमधून उतरून जिना चढणाऱ्याला शेजारच्या दारातून सूर ऐकू आले, की मालिका सुरू झाली हे कळायचं. स्वयंपाकघरातलं माणूस हात पुसत बाहेर यायचं. चाल इथे हाक झाली.

म्हणजे काय, तर हेतूमुळे कला आखडली नाही, तिला नेमका प्रश्न मिळाला. 'अंतर्नाद' या कोंकणी चित्रपटासाठी पत्कींना २००६ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पण जाहिरातीच्या चालीखाली नाव नसतं, आणि शीर्षकगीत ओलांडून पुढे जायचं बटण आता मोबाइलवरच आलंय. चाल ओठांवर राहते, करणारा विसरला जातो.

शेवटी पुन्हा कांट. सौंदर्याचा आदर्श तो शोधतो कुठे? फुलात नव्हे, माणसात. आणि माणसाचं सौंदर्य तर त्याच्याच हिशेबाने परायत्त. तेव्हा दुसऱ्याला दुय्यम म्हणण्याआधी आपण थोडं थांबावं.