शिलेदार कीं बारगीर?

गेल्या चतुर्थीस आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळच्या आरतीच्या आधीं आमच्या पडवींत येऊन बसला. शाळेंत असतांना गणितांत कच्चा, पण पोहण्यांत पहिला. पुढें सैन्यांत भरती होऊन सतरा वर्षांनीं तो निवृत्त झाला, व गेलीं दोन वर्षें मुंबईंत एका इमारतीच्या फाटकाशीं रखवालदारी करीत आहे. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर त्यानें खिशांतून चार घड्या घातलेला एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. "गुरुजी, इंग्रजी माका येता, पन ह्यां कायद्याचां इंग्रजी कळणा नाय," असें म्हणतांना तो थोडा ओशाळला.

कागद एका परदेशी कंपनीचा होता. चांचेगिरीचें भय असलेल्या समुद्रांतून जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर सशस्त्र पहारा देण्याचें काम, आणि वेतन सध्यांच्या मिळकतीच्या तिप्पट. मुंबईंतील एका मध्यस्थानें तो आणून दिला होता व आठ दिवसांत सही करून मागितली होती. आम्ही चष्मा पुसून वाचूं लागलों. तिसऱ्या कलमांत लिहिलें होतें कीं, सही करणारा इसम हा कंपनीचा नोकर नसून 'स्वतंत्र ठेकेदार' आहे. पुढच्या कलमांत वर्दी कंपनीची, हत्यार कंपनीचें, पहाऱ्याच्या वेळा कंपनी ठरवील त्या, आणि परवानगीवांचून काम सोडावयाचें नाहीं. शेवटच्या पानावर मात्र दुखापत, परतीचें भाडें आणि कोर्टकचेरीचा खर्च हीं सर्व ह्या 'स्वतंत्र' गृहस्थाच्या माथीं!

"ठेकेदार म्हंजे मालकच मां, गुरुजी?" त्यानें विचारलें. त्यास तो बहुमान वाटला होता.

आम्हांस त्या क्षणीं आठवण झाली ती बखरींतल्या शिलेदाराची. मराठ्यांच्या घोडदळांत स्वार दोन प्रकारचे असत, हें वाचकांस ठाऊक आहेच. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येई; बारगिरास घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचा संसार बसे, पण घोडा त्याचा होता, एवढें तरी खरें होतें. आमच्या विद्यार्थ्यापुढील कागदाची गंमत अशी कीं, काम बारगिराचें आणि नांव शिलेदाराचें. घोडा कंपनीचा, लगाम कंपनीच्या हातीं, आणि घोडा पडला कीं स्वार म्हणे स्वतंत्र!

शिवछत्रपतींस हा भेद उत्तम कळला होता. सभासदानें बखरींत पागेची रचना सांगितली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. शिलेदारांसही मोकळें न सोडतां त्यांस पागेच्या आधीन ठेविलें, अशासाठीं कीं कोणास पुंडावा करण्यास वाव राहूं नये. स्वारीस निघतांना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची नोंद होई व परत आल्यावर झाडा घेतला जाई. देखरेख हा शब्द आज आपण फार वापरतों. ती प्रत्यक्षांत कशी असते तें ह्या एका झाड्यावरून समजतें.

आरमाराविषयींचा विचार तर आम्हां मालवणकरांस अधिक जवळचा. इ.स. १६६४ सालीं कुरटे बेटावर ज्याचें काम सुरू झालें तो सिंधुदुर्ग आमच्या किनाऱ्यावरून रोज दिसतो. त्या आरमाराच्या वेतनाबद्दल रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत एक फार मार्मिक सूचना आहे. आरमाराचा खर्च मुलुखाच्या वसुलांतून नेमून द्यावा, समुद्रावरील पैदास्तीवर त्याची नेमणूक करूं नये. कारण तसें केल्यास सावकारांस उपद्रव होऊन व्यापार बुडेल. ज्याच्या हातीं शस्त्र आहे त्याचें पोट कशावर चालतें, हें सरकारनें आधीं पाहावें, असा त्याचा भावार्थ आम्ही घेतों. उत्तर पेशवाईंत ही दृष्टि सुटली. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं भाडोत्री गारदी थकलेल्या पगाराचें निमित्त करून शनिवारवाड्यांत शिरले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला.

हें जुनें झालें, असें कोणी म्हणेल. त्यांनीं अमेरिकेकडे पाहावें. सप्टेंबर २००७ मध्यें बगदादच्या निसूर चौकांत ब्लॅकवॉटर नांवाच्या खाजगी कंपनीच्या रक्षकांनीं केलेल्या गोळीबारांत १७ इराकी नागरिक प्राणांस मुकले. ही कंपनी आपल्या रक्षकांस नोकर न म्हणतां स्वतंत्र ठेकेदार म्हणत असे. त्याच वर्षीं मार्चांत तेथील करखात्यानें एका रक्षकाच्या प्रकरणांत, हा मनुष्य नोकरच होय, असा निर्णय दिला होता. ऑक्टोबरांत प्रतिनिधिसभेच्या देखरेख समितीचे अध्यक्ष हेन्री वॅक्समन ह्यांनीं कंपनीवर कर चुकविल्याचा आरोप जाहीरपणें केला. कंपनीनें तो नाकारला. गोळीबाराबद्दल २०१४ सालीं चौघे रक्षक दोषी ठरले, व डिसेंबर २०२० मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं त्यांस माफी दिली. त्या माफीविषयीं न लिहिलेलें बरें.

आपल्या राज्याचा कायदा ह्या बाबतींत मागासलेला नाहीं, हें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. १९८१ च्या महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक कायद्यानें रक्षकांची नोंदणी करणारीं मंडळें स्थापण्याची सोय केली. नोंदलेल्या रक्षकाचें वेतन मालकानें मंडळाकडे भरावयाचें व मंडळानें रक्षकास द्यावयाचें. ज्या कारखान्यांत तो पहारा करतो त्याचा जो थेट व कायम नोकर नाहीं, त्यास हा कायदा लागू आहे. "हे आमचे कायम नोकर आहेत," असें म्हणून एजन्स्यांनीं त्यांतून निसटण्याचा प्रयत्न केला, तो १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत फसला. पुढें २००५ च्या केंद्रीय कायद्यानें प्रत्येक खाजगी सुरक्षा संस्थेस परवाना आवश्यक केला. नव्या रक्षकास १०० तास वर्गांतील व ६० तास प्रत्यक्ष शिक्षण नेमून दिलें. माजी सैनिकास त्याहून कमी. परदेशांत रक्षक पुरवावयाचे तर नियामक अधिकाऱ्याची परवानगी हवी, व ती देण्यापूर्वीं त्यानें केंद्र सरकारचें मत घ्यावयास हवें.

परंतु हा कायदा बांधतो तो संस्थेस. परदेशी कंपनीसाठीं माणसें जमविणारा मधला मनुष्य, "मी संस्था नव्हेच, मी केवळ ओळख करून दिली," असें म्हणूं लागला कीं सही करणाऱ्यानें दाद कोणाकडे मागावी? समुद्रावर तर हद्द कोणाची येथूनच वाद. ऑक्टोबर २०१३ मध्यें तुतिकोरिनजवळ 'सीमन गार्ड ओहायो' हें खाजगी पहारेकऱ्यांचें जहाज अडविण्यांत आलें. त्यावर खलाशी व रक्षक मिळून ३५ इसम होते, त्यांत भारतीयही होते. हत्यारांवरून खटला झाला, जानेवारी २०१६ मध्यें पांच वर्षांची शिक्षा झाली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें सर्वांस निर्दोष सोडलें. निर्दोष ठरण्यास चार वर्षें लागलीं.

हें सर्व आम्हीं त्यास आरती आटोपल्यावर सांगितलें, आणि कंपनीस पाठविण्यासाठीं इंग्रजींत चार प्रश्न लिहून दिले. हत्यारांचा परवाना कोणत्या सरकारचा? जखम झाल्यास भरपाई कोण देणार? परतीचें भाडें कोणाचें? आणि वर्दी, हत्यार व हुकूम तुमचा असतां आम्ही ठेकेदार कसे? तो कागद घेऊन अनंत चतुर्दशीनंतर मुंबईस गेला.

दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. परतीचें भाडें देण्यास कंपनी तयार झाली. पहिल्या दोन प्रश्नांस उत्तर नाहीं. तिसरें कलम जसेंच्या तसें. त्यानें सही केली नाहीं. त्याच्याबरोबर गेलेल्या दुसऱ्या एका माजी सैनिकानें केली, व तो जहाजावर चढलाही. आमच्या विद्यार्थ्याच्या घराचें काम जोत्यावर येऊन थांबलें आहे, आणि तो त्याच फाटकाशीं उभा आहे. परवां त्याच्या मातोश्री आम्हांस देवळांत भेटल्या. एरवीं थांबून चार शब्द बोलणाऱ्या त्या, पण त्या दिवशीं प्रदक्षिणा पुरी करून तशाच निघून गेल्या.