यादीतले नांगे

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी अजून विसरलेले नाहीत. काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे मातीत गेले. पंचनामे झाले, मदतीच्या याद्या तयार झाल्या. माझ्याकडच्या गावांची यादी चारशेच्या वर नावांची होती. ती संगणकावर चढवून बँकेकडे पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी जशीच्या तशी परत आली. कारण काय, तर अकरा ओळी चुकलेल्या. अकरा ओळींपायी चारशे घरांचे पैसे अडले.

रोज सकाळी कार्यालयाच्या पायरीवर माणसे बसलेली. शेवटी मीच संगणकावरच्या मुलाला म्हणालो, "बाबा, त्या अकरा ओळी तूर्त काढून टाक. बाकीच्यांचे तरी होऊ दे." त्याने काढल्या. चार दिवसांत पैसे जमा झाले, गर्दी ओसरली. पण काढलेल्या ओळी आम्ही कुठेही लिहून ठेवल्या नव्हत्या. तूर्त काढलेली नावे कायमचीच गेली.

दोन महिन्यांनी एक आजी आल्या. म्हणाल्या, "सायेब, शेजारणीच्या रानात गारा पडल्या, अन् माझ्या रानात काय फुलं पडली व्हती?" पासबुक पाहिले. त्यांचा खाते क्रमांक दोन शून्यांनी सुरू होत होता. संगणकाने त्याला खाते क्रमांक न समजता साधा आकडा समजून पुढची दोन्ही शून्ये गाळली होती. चूक एवढीच. ती सुधारायला दोन मिनिटे लागली, पण ती कळायला दोन महिने गेले.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरात येणारे पुष्कळसे सरकारी पैसे आता अशा याद्यांतूनच येतात. हजारो नावे संगणकात एकाच वेळी चढतात. तिथे काय घडते ते समजायला इंग्रजी लागत नाही, तिफण चालवलेली असली की पुरे.

पेरताना एखादी नळी तुंबली, तर ते लगेच कळत नाही. चाड्यावर मूठ चालू असते, बैल चालू असतात. आठ दिवसांनी कोंब वर आले की मधली ओळ कोरडी दिसते. संगणक चुकलेली ओळ गुपचूप ओलांडून पुढे गेला, तर हेच होते. सगळ्यांत वाईट प्रकार हा, कारण वरून काम पूर्ण झाल्यासारखे दिसते. दुसरा प्रकार आमच्या परत आलेल्या यादीचा: एक नळी तुंबली म्हणून पेरणीच बंद. त्यात निदान चूक झाकली जात नाही, पण वापसा निघून जातो.

जाणता माणूस काय करतो? पेरणी चालू ठेवतो, तुंबलेल्या ओळीला खूण करतो आणि मागाहून तेवढेच नांगे भरतो. याद्या चढवण्याची चांगली रीतही हीच. बरोबर ओळी पुढे जाव्यात. चुकलेल्या ओळी वेगळ्या यादीत पडाव्यात आणि प्रत्येकीसमोर कारण लिहिलेले असावे: खाते बंद, नाव जुळत नाही, क्रमांक अपुरा. मग ती यादी एका माणसाच्या हाती द्यावी आणि त्याने ती संपेपर्यंत सोडू नये. आमच्याकडे नेमका हा माणूस नव्हता.

नांगे भरायचे सोडून कुणी सगळे रान पुन्हा पेरत नाही. यादीच्या बाबतीत मात्र ही चूक होते. अर्ध्यावर बंद पडलेली यादी कुणी पहिल्यापासून पुन्हा चढवतो आणि काहींच्या खात्यात पैसे दोनदा पडतात. खर्च होऊन गेलेले पैसे परत मागण्याची वेळ येते, तेव्हा देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांचीही मान खाली जाते. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा वेगळा क्रमांक हवा, म्हणजे तो क्रमांक आधी चुकता झाला असेल तर संगणक पुन्हा हात लावत नाही.

मात्र काही नोंदी तोडता येत नाहीत. गटातले एक हेक्टर विकले, की विकणाऱ्याच्या नावचे कमी होणे आणि घेणाऱ्याच्या नावे चढणे या दोन्ही नोंदी एकदमच झाल्या पाहिजेत. पहिली झाली आणि वीज गेली, तर ते हेक्टर कोणाचेच राहत नाही! अशा वेळी संगणकाने पहिली नोंदही मागे घ्यावी असा नियम असतो. एका शेतकऱ्याची नोंद अख्खी व्हावी किंवा मुळीच होऊ नये, पण त्याच्यापायी दुसऱ्याची अडू नये. सात-बारावर लिहिण्यातली चूक राहिलीच, तर ती दुरुस्त करण्याची सोय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. अर्ज तहसील कार्यालयात द्यावा.

आता घरच्या तयारीचे. आधार क्रमांक १२ आकडी. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र तिथेच पकडते. खाते क्रमांकाचा तेवढा भरवसा धरू नका, तो पासबुकात पाहूनच उतरवा, पुढच्या शून्यांसकट. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे शून्य असते, इंग्रजी 'ओ' नव्हे. यात भलेभले फसतात. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पुढच्या वर्षी आणखी काही सरकारी बँका विलीन झाल्या, आणि त्यांच्या शाखांचे आयएफएससी बदलले. घरात जुने पासबुक असेल तर आधी ते बदलून घ्या.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता आला नाही, तर नुसते 'पैसे आले नाहीत' म्हणून परतू नका. ई-केवायसी, जमिनीची नोंद, आधारशी बँक खात्याची जोडणी, यांपैकी काय अडले आहे ते सेवा केंद्रावर पाहता येते. कधी पैसे आलेलेही असतात, पण आधार शेवटी ज्या बँकेशी जोडले त्या खात्यात, आणि आपण जुनेच पासबुक भरून आणत असतो. घरात दोन-तीन खाती असतील तर सुनबाईंना किंवा शाळेतल्या मुलाला सगळी एकदा तपासायला सांगा. आणि कार्यालयात गेलात की नाकारल्याचे कारण कागदावर मागा. आम्हा लोकांना ते द्यायला जड जाते, तरी मागा.

आजींचे पैसे पावसाळा सुरू झाल्यावर जमा झाले. उरलेल्या दहा जणांना मी जुन्या पंचनाम्यांवरून शोधले, गावोगाव फिरून. पेरणीचे बियाणे तोवर आजींनी उसनवारीने आणले होते.