समन्स आले म्हणून लेकीने घाबरू नये

रेवसच्या एखाद्या घरी मुंबईहून टपाल येते. लेक वर्षभर माहेरी आहे, कडेवर लहान मूल आहे. पाकिटात वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाचे समन्स! नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला आहे. बाप म्हणतो, “लाँचने भाऊच्या धक्क्याला जा, तिथून वांद्रे गाठा. दर तारखेला रोज बुडवायचा कोणी?” आणि समन्स पत्र्याच्या पेटीत जाते.

बंधुभगिनींनो, आपण हरतो ते इथेच. हजर राहिले नाही तर कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकते. पण समन्सला उत्तर देणे म्हणजे शेवटपर्यंत वांद्र्यालाच खेटे घालणे नव्हे.

आपले लग्न त्रिशरण-पंचशील घेऊन लागले असले, तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. लग्न जिथे लागले, नवरा-बायको शेवटी जिथे एकत्र राहिली किंवा ज्याच्यावर अर्ज करायचा तो जिथे राहतो, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट खुली झाली. पत्नी स्वतः अर्ज करणार असेल, तर ती राहते तिथल्या कोर्टात करू शकते. म्हणजे रेवसच्या लेकीला अलिबाग.

मग त्याचा अर्ज वांद्र्यात, हिचा अलिबागेत, असे झाले तर? दोघांचेही अर्ज घटस्फोटाचे किंवा न्यायालयीन विभक्ततेचे असतील, तर कलम २१-अ प्रमाणे नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टात पाठवला जातो. म्हणून दिरंगाई महागात पडते. तरीही वाट बंद होत नाही. वांद्र्याचा दावा अलिबागला वर्ग करावा, असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात करता येतो. अंतर, लहान मूल, सोबतीला कोणी नसणे, ही कारणे त्यात स्पष्ट लिहावीत. अशा कामी सर्वसाधारणपणे पत्नीची सोय पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे. मात्र हुकूम होईपर्यंत वांद्र्याची तारीख चुकवू नये.

पोटगीची गोष्ट वेगळी. तो अर्ज पत्नी राहते त्या जिल्ह्यात करता येतो. पूर्वीचे कलम १२५ म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

याच जिल्ह्यातले महाड आठवा. चवदार तळ्याबाबत १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी तिथल्या कोर्टात दावा लावला आणि दोनच दिवसांत मनाई हुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही जमले असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टात लढत दिली. महाड, ठाणे, मग मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागला. बाबासाहेबांनी कोर्टाचा कागद पेटीत टाकला नाही, त्याला उत्तर दिले.

आपल्या लेकीच्या हाती समन्स पडले, तर रडत बसू नका. तारीख वाचा, कागद घ्या आणि उद्याच अलिबागची एस.टी. धरा. जयभीम!