सुकाणू नसलेली होडी

ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळालं की विजेत्याच्या देशाचा झेंडा वर चढतो, राष्ट्रगीत वाजतं. पण विजेत्याचं गाव हा देशच नसेल तर? १९९६ साली ली लाय-शान या पंचवीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत असं झालं. ती हाँगकाँगची. तिच्यासाठी वर चढला तो ब्रिटिश वसाहतीचा झेंडा, वाजलं ते इंग्लंडच्या राणीचं गीत. आणि अकरा महिन्यांनी, १ जुलै १९९७ला, तो झेंडा कायमचा उतरणार होता.

तिचा खेळ विंडसर्फिंग. आपल्याकडे तो फारसा रुजलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. तिच्या वेळची फळी पावणेचार मीटर लांब असे. फळीवर डोलकाठी, पण घट्ट रोवलेली नाही. चहूकडे झुकेल अशा सांध्यात बसवलेली. तिला शीड, आणि शिडाला आडवी दांडी. ती धरून उभं राहायचं. या होडीला सुकाणूच नसतं. डोलकाठी पुढे झुकवली की फळीचं तोंड वाऱ्यापासून दूर वळतं, मागे झुकवली की वाऱ्याकडे. वाऱ्याच्या थेट तोंडावर जाताच येत नाही. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला असं नागमोडी चढावं लागतं. कोकणातल्या तांडेलांना हे मी सांगायला नको. वारा पडला की शीड पंख्यासारखं सारखं हलवत राहायचं, हात भरून आले तरी. मी कविता लिहिणारा माणूस. सुकाणूशिवायची होडी ही कल्पना मला आधी फार देखणी वाटली. फळीवर उभ्या असलेल्याला ती पाठदुखी देत असणार!

गुणांचा हिशेब उलटा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. तिच्या वेळी अनेक शर्यती होत, वाईट गेलेली एखाद-दुसरी वगळत, आणि बेरीज ज्याची कमी तो जिंकत असे. म्हणजे एका दिवसाच्या चमकीचा फारसा उपयोग नसे.

लाय-शान वाढली चेउंग चाउ या छोट्या बेटावर. कोळ्यांची वस्ती, अरुंद गल्ल्या, मोटारींची वर्दळ नाही. किनाऱ्यावर मामाचं विंडसर्फिंगचं केंद्र होतं. बाराव्या वर्षी तिथंच तिनं शीड हाती धरलं. १९९२ साली बार्सिलोनात स्त्रियांसाठी हा खेळ प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आला. पुरुषांसाठी तो १९८४पासूनच होता. तिथं ती अकरावी आली. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली.

अटलांटाला समुद्र नाही, त्यामुळे १९९६च्या शर्यती दूर सव्हानाजवळच्या पाण्यात झाल्या. न्यूझीलंडची बार्बरा केंडल ही आधीची विजेती. ती दुसरी आली, इटलीची अलेस्सांद्रा सेन्सिनी तिसरी. हाँगकाँग १९५२पासून ऑलिम्पिकला खेळाडू पाठवत होतं. चव्वेचाळीस वर्षांत मिळालेलं हे पहिलंच पदक, आणि तेही सोन्याचं. हाँगकाँगचे खेळाडू टाकाऊ नाहीत, असं ती जिंकल्यावर म्हणाली. पैसा मिळवण्यात हुशार आणि मैदानावर कच्चं, अशी ज्या शहराची ख्याती, तिथल्या मुलीनं हे म्हणावं, यात बरीच वर्षं गिळलेलं काही असलं पाहिजे.

झेंडा बदलला, तिचं शीड उतरलं नाही. १९९७ आणि २००१ साली ती पुन्हा जगज्जेती झाली. १९९८ला बँकॉकच्या आणि २००२ला बुसानच्या आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्ण घेतलं, आता नव्या झेंड्याखाली. ऑलिम्पिक मात्र पुन्हा हाती लागलं नाही. सिडनीत सहावी, २००४ला अथेन्समध्ये चौथी. चौथा क्रमांक फार वाईट, सहाव्याहूनही. सहाव्याला निदान लवकर झोप येते.

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. मशाल शहरात आली तेव्हा ती घेऊन पहिल्यांदा धावली तीच. तोवरही तिचं सुवर्णपदक एकटंच होतं. दुसरं मिळायला २०२१ उजाडलं: टोकियोत चेउंग का-लाँग या तरुणानं तलवारबाजीत ते मिळवलं. त्या वेळी झेंडा हाँगकाँगचा चढला, गीत वाजलं ते चीनचं.